रेकॉर्डिंग कुणी पाहत नाही, मग तासाला शिकवायचं काय?

पत्र थोडक्यात असं आहे. दापोली तालुक्यात राहणाऱ्या एक प्राध्यापिका एका विद्यापीठाच्या ऑनलाइन बी.कॉम.ला अर्थशास्त्र शिकवतात. वर्गात साठेक विद्यार्थी. कुणी हर्णै बंदरात मासळीच्या धंद्यात, कुणी अंगणवाडी सेविका, कुणी एसटीत, तर कुणी डोंबिवली-विरारला राहणारे चाकरमानी. एका प्रशिक्षणात फ्लिप्ड क्लासरूमबद्दल ऐकून त्यांनी गेल्या सत्रात ती पद्धत सुरू केली. प्रत्येक घटकाचं ५० मिनिटांचं रेकॉर्डिंग आधी पाठवायचं आणि शनिवारी रात्री आठच्या लाइव्ह तासाला चर्चा करायची. दिवाळीपर्यंत रेकॉर्डिंग उघडणारे आठ-दहा जण उरले, तेही अर्ध्यात सोडणारे. लाइव्ह तासाला नुसत्या काळ्या चौकटी. "शेवटी मी रेकॉर्डिंगमधलंच पुन्हा शिकवते," असं त्या लिहितात. वर समन्वयकांकडे तक्रार गेली, की मॅडम शिकवत नाहीत, व्हिडिओ पाठवून मोकळ्या होतात. त्यांचा प्रश्न: "आपल्याकडच्या मुलांना स्वतःहून अभ्यास करायची सवय नाही, नेटची तर बोंबच. ही परदेशी पद्धत कोकणात चालायची नाही असं समजून सरळ पूर्वीसारखं लेक्चर द्यायला लागू का?"

मॅडम,

"शेवटी मी रेकॉर्डिंगमधलंच पुन्हा शिकवते." हे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले.

जरा तुमच्या विद्यार्थ्याच्या जागी बसून बघा. संध्याकाळचा लिलाव आटपून, हिशेब करून, आंघोळ-जेवण उरकून तो गुरुवारी रात्री मोबाइल हातात घेतो. समोर ५० मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. त्याला ठाऊक आहे की शनिवारी मॅडम हेच सगळं पुन्हा सांगणार आहेत, थोडक्यात सांगणार आहेत आणि वर परीक्षेला काय महत्त्वाचं तेही सांगणार आहेत. मग त्याने गुरुवारची झोप का मोडावी? याला तुम्ही सवय नसणं म्हणता. मला तर हा चोख हिशेब वाटतो, आणि अर्थशास्त्राच्या बाईंना तो मी समजावून सांगायची गरज नाही. तुम्ही एकच वस्तू दोनदा दिलीत, दुसऱ्यांदा जास्त सोयीची करून दिलीत आणि पहिली कुणी घेतली नाही म्हणून खंत करताय.

हे कोकणातच होतं असंही नाही. ज्यांनी ज्यांनी रेकॉर्डिंग पाठवलं आणि वर्ग गप्प बसल्यावर घाबरून तेच पुन्हा शिकवलं, त्या सगळ्यांच्या पदरी हेच पडलं. शांतता सहन होत नाही, मग आपण बोलत सुटतो. समजू शकते मी ते. पण त्या बोलण्यामुळेच पुढच्या शनिवारची शांतता पक्की होते.

आता "परदेशी पद्धत" म्हणता म्हणून थोडा इतिहास. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क नावाच्या गावात जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक धडे रेकॉर्ड करायला लागले. शाळा आडगावातली. खेळाच्या सामन्यांना लांब लांब जावं लागायचं, त्यात पोरांचे तास बुडायचे, आणि बुडालेले तास भरून काढायचे म्हणून हे रेकॉर्डिंग. म्हणजे दूर अंतरं आणि बुडणारे तास यातूनच ही गोष्ट जन्मली. मंडणगड-दापोलीच्या माणसाला यात परकं वाटण्यासारखं फारसं काही नाही.

त्याही आधीचं उदाहरण तर तुमच्याच विषयातलं आहे. ओहायोतल्या मायामी विद्यापीठातले लेज, प्लॅट आणि ट्रेग्लिया हे तीन अर्थशास्त्राचे अध्यापक सूक्ष्म अर्थशास्त्राचा वर्ग असा उलटा करून शिकवत होते, आणि २००० साली त्यांनी त्यावर लेखही लिहिला. त्यांनी विद्यार्थ्यांना एकच व्हिडिओ गळ्यात मारला नव्हता. व्हिडिओ कॅसेट होती, आवाजासह स्लाइड होत्या, पाठ्यपुस्तक होतं, ज्याला जे जमेल त्याने ते घ्यावं. वर्गातला वेळ प्रयोग आणि उदाहरणं सोडवण्यात जायचा. या पद्धतीत व्हिडिओ हाच देव असं सुरुवातीपासून काही ठरलेलं नव्हतं. आपल्याकडे टाळेबंदीच्या काळात घाईघाईने झालेल्या प्रशिक्षणांमधून तो समज पसरला असावा. तिथे कॅमेरा, माइक, रिंग लाइट यांवर तास न् तास बोललं गेलं आणि लाइव्ह तासाला करायचं काय हे शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं गेलं.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवते. मुलं रेकॉर्डिंग का पाहत नाहीत, हे बाजूला ठेवा. शनिवारच्या तासाला असं काय घडतं, की जे आधी काही न वाचता आलेल्याला चुकल्यासारखं होईल? सध्या काहीच घडत नाही. त्या तासाची आखणी आधी करा, पूर्वतयारीचं साहित्य मग तिच्या मापाने बेता.

उदाहरण घेऊ, नाहीतर हे सगळं हवेतलं बोलणं होईल. घटक: मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की खप किती प्रमाणात बदलतो ते. व्याख्या आणि सूत्र दोन पानांत मावतं, ते आधी पाठवा. तासाला मात्र हा प्रश्न टाका. हापूसची पेटी ३,००० रुपयांना होती तेव्हा एका विक्रेत्याच्या ४० पेट्या खपत होत्या. भाव २,४०० वर आणल्यावर ५० खपायला लागल्या. (आकडे मनाचे आहेत, बागायतदारांनी भांडायला येऊ नये.) त्याची एकूण विक्री रुपयांत वाढली, घटली की तेवढीच राहिली?

सूत्र पाठ असलेला विद्यार्थी लगेच मांडेल: भाव २० टक्के घटला, खप २५ टक्के वाढला, लवचिकता १.२५. एकापेक्षा जास्त, म्हणजे पुस्तकाप्रमाणे भाव घटला की एकूण विक्री वाढायला हवी. तो "वाढली" म्हणेल. ज्याने सूत्र न लावता नुसता गुणाकार केला तो म्हणेल, आधी १,२०,०००, नंतरही १,२०,०००, म्हणजे तेवढीच. आता दोघांचं जुंपू द्या. पुस्तक चुकलं का? गुणाकार तर चुकलेला नाही. इथे तुम्ही पाच मिनिटं अजिबात बोलू नका. कुणीतरी म्हणेलच, की २० टक्के आपण ३,००० वर काढले आणि २५ टक्के ४० वर, दोन्ही वेळा सुरुवातीचाच आकडा धरला. मग सरासरी धरून बघा: भावातला फरक ६००, सरासरी भाव २,७००. खपातला फरक १०, सरासरी खप ४५. दोन्हीकडे २२.२ टक्के. लवचिकता बरोबर १, आणि विक्री तेवढीच. ही मध्यबिंदू पद्धत तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये तीन वेळा सांगितलीत तरी जी का लागते ते कळत नाही, ती इथे गरज म्हणून समोर येते.

आणि खरी गंमत पुढेच आहे. तुमच्या वर्गात आंब्याच्या घरातलं कुणीतरी असणारच. ते म्हणेल, "मॅडम, मे महिन्यात भाव पडतो तो विक्रेत्याने पाडलेला नसतो, माल जास्त येतो म्हणून पडतो. आणि पाऊस तोंडावर आला की भाव उतरवूनही गिऱ्हाईक फिरकत नाही." म्हणजे पुरवठा सरकला, मग मागणीचा वक्रच सरकला, आणि आपलं कागदावरचं उदाहरण इतर परिस्थिती कायम धरून मांडलेलं होतं. हे बोलणं त्या विद्यार्थ्याकडून यावं यासाठी तो तास असतो. या बाबतीत त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. अंगणवाडीतल्या ताई गॅस सिलिंडरबद्दल बोलतील, बंदरातला माणूस पापलेट आणि बांगड्याच्या भावातला फरक सांगेल. नोकरी-धंदा करून शिकणारा वर्ग म्हणजे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला लॉटरी लागल्यासारखं आहे, आणि तुम्ही त्यांना म्यूट करून ठेवलंय.

हा प्रश्न विचारायचीही एक रीत आहे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९० च्या दशकापासून असं करत आले आहेत: आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. ऑनलाइनमध्ये शेजारी नसतो. त्यावर साधी युक्ती आहे. सगळ्यांना सांगा, उत्तर आणि एका ओळीत कारण चॅटमध्ये टाइप करा, पण मी "पाठवा" म्हणेपर्यंत पाठवू नका. दोन मिनिटांनी सगळ्यांची उत्तरं एकदम पडतात. कुणाचं बघून लिहायला वाव नाही, कॅमेरा लागत नाही, माइक लागत नाही. काळ्या चौकटींमागे माणसं आहेत की नाहीत हे तुम्हाला त्या क्षणी कळतं. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती मात्र करू नका. एका खोलीत चार माणसं राहतात अशा घरातून बसणाऱ्या मुलीला त्या सक्तीचा काय त्रास होतो हे मी वेगळं सांगायला नको.

पूर्वतयारीचं आता लवकर सांगते, कारण त्यात फार काही नाही. पन्नास मिनिटं विसरा. २०१४ मध्ये फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या संकेतस्थळावरची व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रं तपासली, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी साधारण प्रेक्षक जास्तीत जास्त सहाएक मिनिटंच टिकत होता. ते मोफत अभ्यासक्रमाचे प्रेक्षक होते, पदवीला बसलेले विद्यार्थी नव्हते, म्हणून सहा हा आकडा काही मंत्रासारखा धरू नका. पण पन्नासचे सात-आठ मिनिटांवर आणा. त्यासोबत दोन पानांची पीडीएफ आणि तीन प्रश्नांचा गुगल फॉर्म. तिसरा प्रश्न कायम एकच: "यातलं काय डोक्यात शिरलं नाही?" फॉर्म शुक्रवारी रात्री बंद करा, शनिवारी सकाळी चहा घेता घेता उत्तरं वाचा आणि रात्रीचा तास त्यावरून ठरवा. तासाची सुरुवातही तिथूनच करा: "अकरा जणांनी लिहिलंय की लवचिकतेच्या सूत्रात ऋण चिन्ह का येतं ते कळलं नाही." नाव न घेता. आपलं लिहिलेलं मॅडम वाचतात हे एकदा कळलं की फॉर्म भरणारे आपोआप वाढतात. गुण ठेवायचेच असतील तर फॉर्म भरल्याचे ठेवा, उत्तर बरोबर आल्याचे नको. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर तयार उत्तरं फिरू लागतील.

तरीही काहीजण कोरे येणारच. त्यांच्यासाठी पुन्हा शिकवायचं नाही, इथे मन घट्ट करा. पहिली दहा मिनिटं त्यांना ती दोन पानं वाचायला सांगा. बाकीच्यांना तेवढ्या वेळात एक अवघड उदाहरण द्या. कुणाला बोलणी नाहीत, टोमणे नाहीत, पण तासाची गाडी त्यांच्यासाठी मागे येत नाही.

नेटची बोंब आहे, ते मला मान्य आहे. २०२० मध्ये कणकवली तालुक्यातल्या एका मुलीच्या भावांनी तिला ऑनलाइन तासांसाठी डोंगरावर झोपडी बांधून दिल्याची बातमी सगळ्यांनी वाचली, कौतुक केलं. मला त्या बातमीत कौतुकापेक्षा लाज जास्त दिसली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या गावांमधून दिवसेंदिवस वीज नव्हती, हे तुम्ही तिथे राहून पाहिलंच असेल. पण या अडचणीचा नीट विचार केलात तर ती पूर्वीच्या लेक्चरच्या विरोधात जास्त जाते. तासभर अखंड चालणाऱ्या लाइव्ह लेक्चरला तासभर अखंड रेंज लागते. आधी पाठवलेल्या फाइलला पाच मिनिटांची रेंज पुरते, सड्यावर जाऊन, एसटी स्टँडवर उभं राहून, कुठेही. अट एकच, फाइल हलकी हवी. ५० मिनिटांचा व्हिडिओ हलक्या दर्जाचा असला तरी दोनेकशे एमबी सहज खातो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर घरातली तिघं असतील तर तो मध्यरात्रीपर्यंत कुणी उघडणार नाही. तेच बोलणं ३२ केबीपीएसच्या, म्हणजे हलक्या दर्जाच्या ऑडिओत ठेवलं तर मिनिटाला पाव एमबीही होत नाही, म्हणजे आठ मिनिटांचे दोन एमबी. आकृती पीडीएफमध्ये, आवाज ऑडिओत. "आता पान एकवरची आकृती बघा" असं बोलत जा, झालं. तुमचे चाकरमानी मांडवी एक्स्प्रेसमध्ये बसून ते ऐकतील. कोकण रेल्वेवरच्या करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात लाइव्ह तास तुटतो, डाउनलोड केलेला आवाज तुटत नाही.

"मॅडम शिकवत नाहीत" ही तक्रार तुम्हाला लागली असणार. तिचं मूळ समजून घ्या. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गावर केलेल्या अभ्यासात दिसलं, की स्वतः उदाहरणं सोडवत शिकणाऱ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटलं. ओघवतं लेक्चर ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः सोडवताना अडखळतो, आणि ते अडखळणं म्हणजे न शिकणं असं वाटतं. यावर त्या संशोधकांचा उपाय असा, की हे विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सांगायचं. तुम्हीही पहिल्या शनिवारी सांगा, आणि एक छोटी चाचणी घेऊन दाखवा. मात्र तुमच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारीत तथ्यही होतं, हे लक्षात असू द्या. गेल्या सत्रात त्यांना रेकॉर्डिंग मिळालं आणि वर त्याचाच सारांश मिळाला. त्यांनी जे म्हटलं ते अगदीच खोटं नव्हतं.

मग पूर्वीसारखं लेक्चर द्यावं का? ते मी मोडीत काढत नाही. ठरलेल्या वेळी, ओळखीच्या आवाजात, कुणीतरी आपल्यासाठी तासभर बोलतंय याचा आधार दिवसभर राबणाऱ्या माणसाला मोठा असतो. काही घटक तसेच शिकवावेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या संकल्पनांचा पहिला परिचय मी आधी पाठवणार नाही, तिथे शब्दच इतके नवीन असतात की एकट्याने वाचणारा गोंधळतो. उलट सगळंच्या सगळं फ्लिप करणं म्हणजे या विद्यार्थ्यांवर अन्याय. हिशेब बघा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटला ३० तासांचं शिकणं धरलेलं आहे. २० क्रेडिटच्या सत्राचे ६०० तास, १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४०. नोकरी करणाऱ्याकडे ते कागदावरसुद्धा नाहीत. त्यात पाच विषयांच्या पाच शिक्षकांनी पन्नास-पन्नास मिनिटांची रेकॉर्डिंग पाठवली, तर लाइव्ह तास सोडून चार तासांची भर पडली. म्हणून सत्रातले चार घटक निवडा, जिथे आकडेमोड आहे, वाद घालायला जागा आहे. तेवढेच फ्लिप करा. आणि शक्य असेल तर बाकीच्या चार शिक्षकांशी बोलून घ्या, एकाच आठवड्यात सगळ्यांनी पूर्वतयारी लादू नये एवढं तरी ठरवा.

निवडताना कॅलेंडर समोर ठेवा. गणपतीच्या आठवड्यात काही पाठवलंत तर ते कुणी उघडणार नाही, उघडू नयेच. शिमग्याला पालखी दारात आलेली असताना शनिवारचा तास कुणी करणार नाही. एप्रिल-मे आंब्या-काजूचे. जुलैत मात्र बोटी बंदरात, शेतातली लावणी उरकत आलेली आणि रात्री घरी बसायला सवड. लवचिकतेचा घटक जुलैच्या शेवटी येईल असं बघा.

समन्वयकांचं राहिलं. त्यांच्याकडे बचावाच्या पवित्र्यात जाऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांत ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी चार भागांची रचना सांगितलेली आहे: व्हिडिओ-ऑडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. तुम्ही जे करू पाहताय ते त्यातच बसतं, चर्चेचा भाग फक्त खरोखरीचा होतो. चार घटकांची यादी, तारखा आणि फॉर्मचा नमुना असं एक पान त्यांना सत्राच्या आधी द्या. पहिल्या दोन तासांचे फॉर्म आणि चॅट जपून ठेवा. पुन्हा तक्रार आली तर बोलायला हातात काहीतरी असेल.

आणि ती जुनी ५० मिनिटांची रेकॉर्डिंग पुसून टाकू नका. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांची लिंक ग्रुपवर टाका, तेव्हा ती पोरं दीडपट वेगाने का होईना, पाहतील.